ईटॅब्समध्ये बहुमजली वीटभिंती : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यातल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या लोडबेअरिंग (सगळा भार भिंतींवर पेलणाऱ्या) सोसायट्या, म्हणजे तळमजला अधिक दोन किंवा तीन मजले, खाली चौदा इंची आणि वर नऊ इंची भिंती, मधे आरसीसी स्लॅब. अशा इमारतींच्या ऑडिटसाठी मी गेले कित्येक महिने ईटॅब्स हे इमारतींच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर वापरतो आहे. आरसीसी फ्रेमसाठी हे सॉफ्टवेअर कसं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. वीटभिंतींसाठी ते कसं वागतं यावर मात्र मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी निकाल. मी ते वापरत राहणार आहे. भूमिती, वजनं, मजल्यांमधली भाराची वाटणी यासाठी ते उत्तम आहे. पण वीटभिंत ओढण्याचा ताण घेत नाही ही गोष्ट नेहमीच्या लिनिअर (भेगा न धरणाऱ्या) अॅनालिसिसला माहीत नसते, आणि आयएस १९०५ (वीटभिंतींचा भारतीय कोड) प्रमाणे भिंत पास की फेल हेही ते सांगत नाही. ते काम एक्सेलमध्ये आपल्यालाच करायचं आहे.

मॉडेल उभं करणं सोपं आहे. जुना प्लॅन मोजून ऑटोकॅडमध्ये काढायचा, त्याची डीएक्सएफ फाइल आत घ्यायची, भिंती शेल (पातळ पत्र्यासारखे घटक) म्हणून ओढायच्या, दारं-खिडक्या कापायच्या. सिमिलर स्टोरीज चालू ठेवलं की एका मजल्यावर केलेला बदल सगळीकडे जातो. मात्र जुन्या इमारतींत लोकांनी वरच्या मजल्यावर खिडक्या सरकवलेल्या असतात, बाल्कन्या आत घेतलेल्या असतात, त्यामुळे तळमजला संपला की मी ते बंद करतो आणि प्रत्येक मजला मोजमापाशी ताडून पाहतो. वरची खिडकी खालच्या खांबवजा भिंतीच्या डोक्यावर आली असेल तर भार खाली उतरायची वाट बदलते, आणि ती वाट शेल मॉडेलमध्ये छान दिसते. उभ्या भारासाठी या सॉफ्टवेअरला माझे पूर्ण गुण याच कारणासाठी.

भिंतीची जाडी बदलते तिथे थांबून बघा. चौदा इंची भिंतीवर नऊ इंची भिंत बाहेरच्या बाजूने एका ओळंब्यात चढवलेली असते. ३५० आणि २३० मिलिमीटरच्या मध्यरेषा त्यामुळे ६० मिलिमीटरने सरकतात. ईटॅब्समध्ये दोन्ही भिंती एकाच रेषेवर काढल्या की ही विकेंद्रता (भार मध्यरेषेपासून सरकणं) गायब होते. ३५० चा सहावा भाग ५८ मिलिमीटर, म्हणजे वरच्या भिंतीचा भार खालच्या भिंतीच्या मधल्या तिसऱ्या भागाच्या अगदी कडेवर उतरतो. स्लॅबच्या भारामुळे आणि खालच्या भिंतीच्या स्वतःच्या वजनामुळे हे प्रमाण पुढे कमी होतं, तरी सोडून देण्याइतकं ते लहान नाही. शेलला इन्सर्शन पॉइंट देऊन, म्हणजे भिंत रेषेच्या एका बाजूला सरकवून, हे मॉडेलमध्ये आणता येतं. मला आलेल्या इतर लोकांच्या फायलींत ते क्वचितच केलेलं दिसतं.

मटेरियलचं तसंच आहे. आयएस १८९३ (भूकंपाचा भारतीय कोड) च्या २०१६ च्या आवृत्तीत वीटकामाची ताकद विटेवरून आणि मॉर्टरवरून काढायचं सूत्र आहे, आणि लवचिकता गुणांक (ताठपणाचं माप) त्या ताकदीच्या ५५० पट धरायचा. वीट ५ आणि मॉर्टर ३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरची धरली तर वीटकामाची ताकद साधारण १.८ येते आणि गुणांक १,००० च्या आसपास. एम२५ काँक्रीटचा गुणांक २५,००० आहे. सगळी इमारत भिंतींचीच असेल तर काँक्रीटचा गुणांक ठेवूनही भाराची वाटणी फारशी बिघडत नाही, फक्त सरक (इमारतीची आडवी हालचाल) खूप कमी दिसते. पण मधे चार आरसीसी कॉलम आणि बीम असतील, आणि सोसायट्यांमध्ये जिन्यापाशी ते असतातच, तर सगळी गणितं उलटतात. म्हणून मटेरियल पहिल्याच दिवशी नीट भरा.

आता खरा मुद्दा, भूकंपाचा.

२०१६ च्या आवृत्तीप्रमाणे पुणे झोन तीनमध्ये, म्हणजे झेड (त्या झोनच्या हादऱ्याचा आकडा) ०.१६. भिंतींत आडवे आरसीसी पट्टे नसलेल्या साध्या वीटबांधकामासाठी आर, म्हणजे भूकंपाचा भार ज्याने भागायचा तो आकडा, फक्त १.५. एवढ्या ठेंगण्या, ताठ इमारतीला स्पेक्ट्रमचा पूर्ण २.५ लागतो. हिशोब केला की आडवा भार इमारतीच्या वजनाच्या सुमारे १३ टक्के येतो. आरसीसी पट्टे असतील तर आर २ धरता येतो आणि भार १० टक्क्यांवर उतरतो.

एका नमुन्याच्या भिंतीचे आकडे देतो. तळमजल्यावर दोन दारांच्या मधला एक मीटर रुंद, ३५० मिलिमीटर जाड, २.१ मीटर उंचीचा भाग. ईटॅब्समध्ये याला पिअर म्हणतात. उभा भार १७५ किलोन्यूटन, म्हणजे सरासरी दाब ०.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर (पुढचे ताण-दाबही याच एककात). भूकंपाचा मोमेंट (वाकवणारा परिणाम) ६० किलोन्यूटन-मीटर, शिअर (आडवं कापणारं बल) ५७ किलोन्यूटन. शिअरचा ताण ०.१६ येतो. आयएस १९०५ प्रमाणे परवानगी ०.१ अधिक दाबाचा सहावा भाग, म्हणजे ०.१८. पास. लिनिअर मॉडेल एका कडेला १.५३ दाब दाखवतं, तोही १.८ च्या आत. दुसऱ्या कडेला मात्र ०.५३ चा ओढण्याचा ताण दाखवतं, आणि कोडमध्ये आडव्या सांध्यावर, तेही चांगल्या मॉर्टरमध्ये, ०.०७ च्या पुढे परवानगी नाही. म्हणजे तो सांधा उघडणार. सांधा उघडला की दाब घेणारी लांबी एक मीटरवरून ४७ सेंटिमीटरवर येते आणि कडेचा दाब १.५३ वरून २.१२ वर जातो. वीटकामाची ताकद १.८ आहे. मॉडेलच्या रंगीत चित्रात दाबाच्या बाजूने सुरक्षित दिसणारी भिंत पायथ्याशी चुरडायच्या बेताला आलेली असते. युरोपात पिअरच्या अंतिम मोमेंटसाठी जे सूत्र वापरतात त्यात हेच आकडे घातले तर क्षमता ५९ येते आणि मागणी ६० आहे. अगदी काठावर.

म्हणून माझा पहिला नियम असा की ताणाची रंगीत चित्रं रिपोर्टला जोडायची नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यात मेश (घटकांची जाळी) जितका बारीक कराल तितका ताण वाढत जातो, त्याला अंत नाही. प्रत्येक भागाला पिअर लेबल द्यायचं, उभा भार, शिअर आणि मोमेंट घ्यायचे आणि हिशोब बाहेर करायचा. खिडक्यांच्या भिंतीत सिल लेव्हल (खिडकीचा तळ) आणि लिंटेल लेव्हल (खिडकीचा माथा) यांचे आकडे हवे असतात, तिथे मी सेक्शन कट घेतो, म्हणजे त्या रेषेवरची एकूण बलं. हे काम वेळखाऊ आहे, पण दुसरी वाट नाही.

बहुमजली भिंतीचा सगळ्यात मोठा प्रश्न यापुढे येतो. पिअरची ताकद तिच्यावरच्या उभ्या भारावर अवलंबून असते आणि तो भार भूकंपात बदलतो. इमारत उजवीकडे ढकलली की उजव्या टोकाच्या पिअरवर भार वाढतो, डावीकडचा हलका होतो. किती हलका होतो हे ठरतं दोन मजल्यांच्या खिडक्यांमधल्या आडव्या पट्टीवर, म्हणजे स्पँड्रेलवर. स्पँड्रेल मजबूत असेल तर भिंत फ्रेमसारखी वागते, टोकाच्या पिअरचा भार खूप बदलतो. स्पँड्रेल तडकला की प्रत्येक पिअर पायथ्यापासून गच्चीपर्यंत सुटा उभा राहतो, पायथ्याचा मोमेंट वाढतो. लिनिअर शेल मॉडेलमध्ये स्पँड्रेल कधी तडकतच नाही. लाकडी लिंटेल असलेल्या जुन्या भिंतीतही नाही! त्यामुळे मी प्रत्येक इमारतीची दोन मॉडेलं चालवतो, एकात स्पँड्रेल पूर्ण ताठ आणि दुसऱ्यात त्याची ताठरता मॉडिफायरने (कमी करणाऱ्या गुणकाने) जवळपास काढून टाकलेली. प्रत्येक पिअरसाठी त्यातलं वाईट उत्तर धरतो. आरसीसी लिंटेल आणि स्लॅब सलग असतील तर पहिलं मॉडेल खरं वागण्याच्या जास्त जवळ असतं.

पुढची पायरी म्हणजे भिंतीची समतुल्य फ्रेम : पिअर आणि स्पँड्रेल फ्रेम एलिमेंट म्हणून, जोडावर ताठ टोकं, मधे हिंज (जिथे भिंत तडकून वळेल त्या जागा), आणि पुशओव्हर, म्हणजे आडवा भार वाढवत नेऊन भिंत कुठे मोडते ते पाहणं. ईटॅब्समध्ये हे होतं. १९९० च्या दशकाच्या मध्यात इटलीत पाविया विद्यापीठात दुमजली वीटघराची पूर्ण आकाराची चाचणी झाली होती. तिच्या दारांच्या भिंतीने सुमारे १५० किलोन्यूटन आडवा भार घेतला, आधी स्पँड्रेल तडकले आणि मग पिअरमध्ये तिरक्या भेगा पडल्या. ही पद्धत शिकणाऱ्याने पहिला सराव याच भिंतीवर करावा. मोजमापं उपलब्ध आहेत आणि आपली हिंजं बरोबर क्रमाने उघडतात का हे लगेच कळतं. लेयर्ड शेलचा (थरांनी बनलेल्या शेलचा) नॉनलिनिअर, म्हणजे भेगा धरणारा, मार्गही आहे, पण तीन मजली पूर्ण इमारतीसाठी तो फार जड पडतो, रोजच्या कामात मी त्याच्या वाटेला जात नाही.

मजल्याचा ताठपणा हा एका क्लिकचा विषय असल्याने तिथे सर्वांत जास्त गडबड होते. आरसीसी स्लॅबला रिजिड डायफ्राम, म्हणजे सगळा मजला एक ताठ थाळी मानणं, ठीक आहे. पेठांमधल्या वाड्यांत, जिथे लाकडी तुळया आणि फळ्या आहेत, तिथे तो दिला की दोन टोकांच्या जाड भिंती सगळा भार ओढून घेतात आणि मधल्या भिंती कागदावर सुखात दिसतात. प्रत्यक्षात तिथे प्रत्येक भिंतीला आपापल्या वाट्याचं वजन सांभाळावं लागतं. अशा मजल्याला मी डायफ्राम देतच नाही.

काटकोनातल्या दोन भिंतींचा जोड हा याचाच भाऊ. शेलचे नोड (जोडबिंदू) जुळले की सॉफ्टवेअर सांधा एकसंध मानतं. साइटवर जाऊन कोपऱ्याचं प्लास्टर थोडं काढून विटा एकमेकींत गुंफलेल्या आहेत का ते बघा. कोपऱ्यात उभी भेग असेल तर मॉडेलमध्येही त्या भिंती सोडवा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत सुमारे आठ हजार माणसं गेली ती बहुतेक माळवदाच्या जड छपरांखाली आणि मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंतींखाली. त्या भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर होते, त्यांना बांधणारे आरपार दगड नव्हते, आणि हादऱ्यात पदर वेगळे झाले. अशी भिंत ६०० मिलिमीटरचं एक शेल म्हणून भरणं म्हणजे नसलेली ताकद मोजणं. मराठवाड्यात दगडी घरांचं काम करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तिथे आधी भिंत उघडून बघा आणि मगच लॅपटॉप उघडा.

पर्याय म्हणून थ्रीमुरी हे सॉफ्टवेअर पाहिलं. जेनोआ विद्यापीठातल्या ट्रेमुरीच्या संशोधनावर ते उभं आहे आणि वीटभिंतींसाठीच बनलेलं आहे. दारं-खिडक्या दिल्या की पिअर आणि स्पँड्रेल स्वतः पाडतं, लवचीक मजले धरतं, दोन्ही दिशांचे पुशओव्हर एकामागून एक चालवतं. स्पँड्रेल तडकल्यावर काय होतं ते तिथे थेट दिसतं. अडचण एवढीच की ते इटालियन नियम आणि युरोकोडभोवती रचलेलं आहे, आपल्या कोडचे आकडे हाताने बसवावे लागतात. वर्षभर फक्त जुन्या भिंतींचंच काम असेल तर ते घेणं परवडेल. आरसीसीबरोबर मधूनमधून भिंती येत असतील तर ईटॅब्स पुरे.

दोन्हीकडे एक तपासणी वेगळी करावी लागते, भिंत आपल्या पातळीबाहेर कलंडण्याची. वरच्या मजल्यावरची लांब नऊ इंची भिंत, पॅरापेट (गच्चीचा कठडा), गॅबल (उतरत्या छपराखालची त्रिकोणी भिंत). तिथे उभा भार कमी आणि हादऱ्याचा प्रवेग जास्त, म्हणून या भिंती आधी पडतात. थ्रीमुरीत त्यासाठी निराळा भाग आहे. ईटॅब्सवाल्यांनी स्लॅबशी जोड आहे का ते साइटवर पाहून कलंडण्याचा साधा समतोल हाताने मांडावा. माझ्या एक्सेलचं पहिलं पान तेच आहे, आणि बऱ्याच सोसायट्यांत दुरुस्तीची पहिली शिफारस त्याच पानावरून निघते : गच्चीचा पॅरापेट उतरवा किंवा बांधून घ्या, बाकीचं मग.