भेसळीचं डिझेल: पुरावा नोझलपाशीच घ्या

टाकी फुल करून गाडी निघते. पहिले काही किलोमीटर सगळं ठीक असतं, कारण फिल्टरमध्ये आणि पाइपांत अजून जुनंच डिझेल असतं. मग चढाला पिकअप मरतो, गाडी धक्के खाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन स्टार्टर मारत राहतो. तासाभरानं मिस्त्री येतो, फिल्टर काढतो, आतला माल रस्त्याकडेच्या गटारात ओततो आणि नवा फिल्टर बसवून गाडी चालू करून देतो.

त्या ओतण्यात पुरावा गेला. आता पंपावर जाऊन कितीही आरडाओरडा करा, उत्तर ठरलेलं आहे: ‘सकाळपासून इतक्या गाड्या भरून गेल्या, एकाची तक्रार नाही. तुमच्या टाकीत आधीचंच असेल.’ हे खोटं असलं तरी ते खोडून काढायला तुमच्या हातात काहीही नसतं. गाडीच्या टाकीत तेल पडलं की ते तुमचं झालं. म्हणून जे काय करायचं ते नोझल टाकीत जायच्या आधी.

खराब डिझेल म्हणजे सरसकट एकच भानगड नव्हे. निदान तीन वेगळे प्रकार आहेत, आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

पहिलं पाणी. यात दर वेळी लबाडी असतेच असं नाही, बऱ्याचदा निष्काळजीपणा असतो. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत तळाला थोडं पाणी आणि गाळ साठतोच. सक्शन, म्हणजे तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड, तळापासून थोडं वर असतं म्हणून एरवी ते नोझलपर्यंत येत नाही. पण टँकर खाली होताना तळ ढवळला जातो. पंपावर टँकर लागलेला दिसला, तर पुढच्या पंपावर जा. पावसाळ्यात, विशेषतः पूर ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात, हे दुप्पट लक्षात ठेवा. चिपळूण २०२१ मध्ये किंवा सांगली-कोल्हापूर २०१९ मध्ये ज्या पातळीला पाणी चढलं, त्या पातळीखाली टाकीचं झाकण असेल तर आत काय गेलं असेल ते सांगायला नको. पंपवाल्याला डिप रॉडला (टाकीतली पातळी मोजायच्या सळीला) पाण्याची पेस्ट लावून दाखवायला सांगा. टाकीच्या तळाला पाणी असेल तर पेस्टचा रंग तेवढ्या उंचीपर्यंत बदलतो. हे काम पाच मिनिटांचं आहे, आणि नाही म्हणणाऱ्या पंपावर तेल भरायचं कारण उरत नाही.

दुसरं रॉकेल किंवा तत्सम पातळ सॉल्व्हंट. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये पडलं की हिरवट झाक येते, म्हणून आधी त्याचा रंग उडवतात. भेसळ पंपावरच होते असंही नाही. डेपो ते पंप या वाटेत टँकर एखाद्या ढाब्यामागे वळतो, काही लिटर काढले जातात आणि तेवढंच दुसरं काहीतरी ओतलं जातं. हा धंदा करणारे कोण असतात हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे: २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ असाच अड्डा पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारलं गेलं. ढाब्यामागे टँकरमधून तेल काढताना दिसलं तर तिथे थांबून मोबाइलवर शूटिंग करण्याचं शौर्य दाखवू नका. पुढे जाऊन कळवा.

रॉकेल पातळ, आणि त्याला वंगण कमी. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप जुना, मेकॅनिकल असेल त्या गाडीत याची पक्की खूण अशी: थंड इंजिन नीट चालू होतं, पण गरम झाल्यावर बंद केलं की पुन्हा चालू व्हायला रडतं. त्या पंपातल्या झिजलेल्या प्लंजरच्या (दट्ट्याच्या) फटीतून पातळ तेल मागे गळतं आणि दाबच तयार होत नाही. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे हाय प्रेशर पंप डिझेल एका सामायिक नळीत (रेलमध्ये) दाबून भरतो, तिथे तर दाब १,६०० ते २,००० बार आणि आतल्या भागांतली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. तिथे वंगण देणारं दुसरं काही नसतं, डिझेलच वंगण देतं.

तिसरा प्रकार नवा आणि सगळ्यात फसवा: ‘बायोडिझेल’. २०१९ मध्ये केंद्रानं डिझेलमध्ये मिसळण्यासाठी बायोडिझेल विकायला परवानगी दिली, आणि त्या नावाआड हायवेवर पत्र्याच्या शेडमध्ये बेस ऑइल (ज्यापासून वंगण तेल बनवतात ते) किंवा कारखान्यातलं कसलंही तेल विकणारे उगवले. खरं बायोडिझेलसुद्धा डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंतच मिसळायची मुभा भारतीय मानकात आहे. आख्खी टाकी भरायला ते नाहीच. बीएस-६ गाडीत हे शेडमधलं तेल गेलं की धूर दिसत नाही, कारण डीपीएफ (धुराच्या वाटेतला काजळीचा फिल्टर) तो अडवतो. त्यातली राख मात्र तिथेच बसते. काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे डीपीएफ तापवून साफ होताना, जळते, राख जळत नाही. म्हणून ‘गाडी वारंवार रिजनरेशन मागते’ ही तक्रार घेऊन आलेल्या मालकाला आधी विचारायचं: तेल कुठून भरता? लिटरमागे दहा रुपये वाचले तर ६० लिटरच्या टाकीत वाचतात ६०० रुपये. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या एका कॉमन रेल इंजेक्टरची किंमत बहुतेक गाड्यांत पाच आकडी असते, आणि गाडीत असे तीन-चार असतात.

आता घनता, म्हणजे एका लिटरचं वजन किती किलो. रॉकेलसारखं हलकं काही मिसळलं की ती उतरते. लोक इथेच सर्वात जास्त फसतात. फिल्टर पेपरवर थेंब टाकून डाग पाहायची चाचणी पेट्रोलची आहे, डिझेलला ती लागू नाही. डिझेलचा थेंब उडून जातच नाही, चांगलं असो वा वाईट. कोणी तो कागद दाखवून तुमचं समाधान करत असेल, तर एक तर त्याला कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं त्यानं धरलंय. पावतीवर छापलेली घनतासुद्धा पंपाच्या नोंदीतली असते. तुमच्या नोझलमधून आलेलं तेल कोणी मोजलेलं नसतं.

खरी चाचणी अशी. ५०० मिलीची काचेची नळी नोझलमधून भरायची, हायड्रोमीटर (घनता दाखवणारी तरंगती काचनळी) सोडायचा, बाजूला थर्मामीटर. दोन्ही आकडे घ्यायचे आणि पंपावरच्या तक्त्यातून घनता १५ अंश सेल्सिअसला आणायची. ही पायरी गाळली की सगळं उलटं दिसतं. डिझेलची घनता दर अंशाला साधारण ०.०००७ नं उतरते. मे महिन्यात ३५ अंशांना हायड्रोमीटर ०.८१६ दाखवतो आणि ग्राहक ‘भेसळ, भेसळ’ म्हणून ओरडतो. १५ अंशांना आणलं तर ते ०.८३० निघतं, म्हणजे चोख. उलट थंडीत पहाटे आकडा चांगला दिसला म्हणून निर्धास्त होणाराही फसतो.

तक्त्यातून आलेला आकडा टँकरच्या चलनावरच्या घनतेशी ताडायचा. ०.००३ पर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त निघाला तर तेल घेऊ नका. पण इथेच एक मेख आहे. ०.८३० च्या डिझेलमध्ये ०.८०० चं रॉकेल १० टक्के टाकलं, तर मिश्रण होतं ०.८२७. फरक बरोब्बर ०.००३. म्हणजे दहा टक्के भेसळ नियमाच्या चौकटीत बसते. आणि हुशार भेसळखोर रॉकेलबरोबर थोडं जड बेस ऑइलही घालतो, मग घनता जिथल्या तिथे. चाचणीत नापास झालेलं तेल संशयास्पद असतं, पास झालेलं चांगलंच असेल असं नाही. म्हणून नमुना.

रिकामी, कोरडी, एक लिटरची अॅल्युमिनियमची बाटली गाडीत ठेवा. अनोळखी पंपावर टाकी भरायच्या आधी त्याच नोझलमधून तीत डिझेल घ्या, आणि पावतीवर वेळ, नोझल नंबर लिहून ठेवा. सोबत थोडं तेल साध्या काचेच्या बाटलीत घेऊन उजेडाकडे धरा. मागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. गढूळ दिसलं तर पाणी मिसळलेलं आहे, आणि ते दहा-पंधरा मिनिटांत तळाला बसलं नाही तर जास्त वाईट, कारण मग ते फिल्टरलाही वेगळं काढता येत नाही.

एवढं करूनही टाकीत गेलंच, आणि शंका आली? इंजिन तर नाहीच, चावीसुद्धा ऑन करायची नाही. बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप चावी फिरवताच तेल पुढे ढकलतो. गाडी टो करा. फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू दोन-तीन आटे सैल करून निघेल तो माल पारदर्शक बाटलीत धरा, झाकण लावा, मिस्त्रीच्या हातात देऊ नका. मग टाकी पूर्ण रिकामी, पाच लिटर स्वच्छ डिझेलनं धुऊन पुन्हा रिकामी, नवा फिल्टर, हँड प्राइमरनं (हातानं दाबायच्या छोट्या पंपानं) पाइपांतली हवा काढणे. धुवायला पेट्रोल वापरणारे मिस्त्री आहेत. त्यांना थांबवा.

दुसरी फसवणूक इथे, मिस्त्रीकडे सुरू होते. ‘चारही इंजेक्टर गेले’ हे वाक्य ऐकलं की रिटर्न टेस्ट, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं जादा डिझेल मोजायची चाचणी, मागा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला नळी लावून ती वेगळ्या बाटलीत सोडायची, इंजिन दोन मिनिटं आयडलला ठेवायचं आणि बाटल्या शेजारी शेजारी मांडायच्या. एकाच बाटलीत इतरांच्या दुप्पट तेल असेल तर तो एक संशयित. सगळ्या सारख्या असतील तर चारही बदलायचं कारण मिस्त्रीनं सांगावं. मात्र जुना फिल्टर कापल्यावर कागदाच्या घड्यांत चंदेरी चुरा चमकला, तर उलटा हट्ट धरा: हाय प्रेशर पंप आतून खरवडलाय. पंप, रेल, पाइप, इंजेक्टर सगळं बघावं लागेल. नुसता एक इंजेक्टर बदलला तर उरलेला चुरा तोही खाईल.

तक्रार करायची तर पंपाच्या तक्रारवहीत लिहून प्रत घ्या, तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा नंबर पंपावर लावलेला असतो त्याला कळवा, आणि भेसळीसाठी तहसीलच्या पुरवठा विभागात जा. माप कमी असेल तर वैधमापन खातं. पाच लिटरच्या मापात २५ मिलीपर्यंतची तूट चालते, त्यापुढे नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. गाडी धंद्याची असेल तर ती स्वतःच्या उपजीविकेसाठी चालवता हे अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर ‘व्यावसायिक वापर’ म्हणून समोरचा वकील पहिल्याच तारखेला अर्ज उडवायला बघेल.

टाकी धुतल्यावर ५०० किलोमीटरनी फिल्टर पुन्हा बदलायचा. कोपऱ्यांत चिकटून राहिलेला गाळ तोवर सुटून आलेला असतो. तोही फिल्टर कापून बघा.