लोझुंगेन: घ्यायची तर दोन प्रती घ्या

जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीची ही दरवर्षीची दैनिक वचनपुस्तिका. पहिली छापील प्रत 1731 सालची. एकट्या पाळकाने हौसेने घेतली, तर फेब्रुवारी उजाडेपर्यंत ती कपाटात जायची शक्यता दाट. आपल्यासारखीच पहाटेची शांत वेळ पाळणारा दुसरा पाळक त्याच दिवशी तेच वचन उघडून बसला आहे, यात तिचे खरे मोल आहे.

आत रोजच्या मोजक्या ओळी. वर जुन्या करारातले वचन; ते सुमारे 1800 वचनांच्या साठ्यातून हेर्नहूटमध्ये तीन वर्षे आधी चिठ्ठी काढून ठरते. खाली नव्या करारातले. ते संपादक पहिल्याशी जुळेल असे निवडतात. मग एखादे कडवे किंवा छोटी प्रार्थना. स्पष्टीकरण शून्य, त्यामुळे तयार चिंतन हवे असेल तर पैसे घालवू नका. 1728 साली मंडळीचा पुढारी त्झिन्झेनडॉर्फ याने हे सुरू केले तेव्हा पुस्तिकाही नव्हती. दिवसाचे वचन गावात घरोघरी जाऊन सांगत.

दोघांच्या हातात ती काय करते, हे जर्मन धर्मशास्त्रज्ञ बोनहोफर आणि त्याचा मित्र बेथगे यांच्या पत्रव्यवहारात दिसते. दोघेही पाळक, एकाच फिंकेनवाल्डे सेमिनरीतले, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतले. तिथे रोज अर्धा तास मौन चिंतन असे, आणि त्यासाठी आठवडाभर एकच उतारा. 1937 साली गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, सेमिनरी बंद केल्यावरही विखुरलेल्या पाळकांना परिपत्रकांतून हे उतारे जात राहिले. पुढे बोनहोफर बर्लिनच्या टेगेल तुरुंगात आणि बेथगे सैन्यात, इटलीत. 20 जुलै 1944 रोजी हिटलरविरुद्धचा कट फसला; कटवाल्यांशी बोनहोफरचाही संबंध होता. दुसऱ्या दिवशीच्या पत्रात बोनहोफर कालच्या आणि आजच्या वचनांचा खास आनंद वाटतो, एवढेच म्हणतो. ती वचने होती: स्तोत्र 20, रोम 8:31, स्तोत्र 23:1, योहान 10. कोणी रथांवर, कोणी घोड्यांवर भिस्त ठेवतो, हे त्या 20 तारखेचे वचन. बेथगेला अधिक लिहायची गरज नव्हती.

आता वापर. सकाळी दोघांनी आपापल्या जागी वचन वाचावे आणि लगेच पवित्र शास्त्र उघडून मागची-पुढची दहा-दहा वचने वाचावीत. ही पायरी गाळली की सगळे बिघडते: सुटे वचन कौलासारखे वाटू लागते, बदलीचा अर्ज द्यावा की नाही हेसुद्धा त्यातून शोधले जाते. मग वहीत तीन ओळी, त्यातली एक तरी स्वतःबद्दल. आठवड्यातून एकदा अर्धा तास फोन. सोमवार बरा, रविवारचा भार उतरलेला असतो. शनिवारी बोललात तर उपदेशाचे मुद्देच जमवले जातील. आधी दहा मिनिटे वचन, मग एकमेकांची खरी हालहवाल, शेवटी प्रार्थना. मंडळीतल्या माणसांची नावे काढू नयेत.

जोडीदार शक्यतो दुसऱ्या मंडळीतला हवा आणि वरिष्ठ तर नकोच. ज्याच्या हातात आपली बदली, त्याच्यापुढे प्रार्थना कोरडी पडली आहे असे कोण कबूल करेल? आणि रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर वचन पाठवणे म्हणजे सहवास नव्हे. तो फॉरवर्ड झाला.

एक तांत्रिक खोड. जर्मन बायबलात बऱ्याच स्तोत्रांचे शीर्षकही वचन म्हणून मोजतात, आपल्याकडे नाही. त्यामुळे जर्मन पुस्तिकेतले स्तोत्र 20:8 मराठीत 20:7 असते. आकडा जुळला नाही तर आधी एक मागे पाहा. काही स्तोत्रांत फरक दोनाचा, उदाहरणार्थ 51.

जर्मन येत नसेल तर उत्तर अमेरिकेतल्या मोरावियन मंडळीची इंग्रजी आवृत्ती घ्या. तिच्यात रोजच्या सलग वाचनाचे संदर्भही असतात, आणि पाळकाला ते हवेतच, कारण दोन वचनांवर कोणाचे शास्त्रवाचन भागत नाही. जर्मनमध्ये मोठ्या अक्षरांची आणि लिहायला कोरी जागा सोडलेली, अशाही आवृत्त्या आहेत. कोरी जागा असलेली उत्तम, वेगळी वही लागत नाही. हिब्रू-ग्रीक वचनांची आवृत्ती दिसायला मोहक, पण सेमिनरीतले हिब्रू गंजले असेल तर फोनवरचा अर्धा तास क्रियापद ओळखण्यातच जाईल.