फूड ट्रॉली ओढायची तर इको सीएनजी, बोलेरो की छोटा पिकअप? इंदूरचा हिशोब

माझ्या भाच्याचं सुदामा नगरात टिफिनचं काम आहे, गेल्या वर्षी त्याने साबुदाणा वडा आणि मिसळीची एक फूड ट्रॉली पण बनवून घेतली, दोन चाकांची, गाडीच्या हूकला लावून ओढायची. आता जुनी गाडी बदलायची वेळ आलीय तर घरात दोन पार्ट्या झाल्यात. ताई म्हणते सीएनजी घे, रोजचा खर्च बघ. भाऊजी म्हणतात बोलेरोच घे, ट्रॉली काय वाऱ्यावर ओढणार का. दोघांचं ऐकून ऐकून शेवटी मीच वही घेऊन बसलो. सिंहस्थ २०२८ ला उज्जैनमधे स्टॉल लावू म्हणणारे आमच्या ओळखीतच चार जण आहेत, त्यांनाही हेच विचारायचं असतं म्हणून सगळं लिहून टाकतोय.

सगळ्यात आधी ट्रॉली धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलतात त्या मोठ्या वजनकाट्यावर न्या, आणि रिकामी नाही, भरलेली न्या. आम्हाला बनवणाऱ्याने चारशे किलो सांगितलं होतं, काट्यावर ६४० निघालं. नंतर विचार केला तर कळतंच की, १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो, १९ किलोवाले दोन भरलेले सिलिंडर लोखंडासकट ७०-७५ किलो, वर डीप फ्रीझर, तवा, भांडी. आणि हे सामान कुठे ठेवता त्यानेही फरक पडतो, जड वस्तू चाकांच्या थोड्या पुढे हव्यात, म्हणजे हूकवर एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार येतो. फ्रीझर पार मागे ठेवला की साठच्या वर ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते आणि मग ती गाडीलाही हलवते.

आता गाड्या. मारुतीच्या इको सीएनजी व्हॅनचा टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवायची ताकद, ९५ एनएम, तोही ३००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना. बोलेरोचं डिझेल इंजिन २१० एनएम देतं आणि १६०० लाच देतं. म्हणजे ट्रॉली लावून चढावर गाडी उचलायची तर इकोत इंजिन ओरडवत अर्ध्या क्लचवर न्यावं लागणार, बोलेरो आरामात निघते. शिवाय बोलेरोला खाली शिडीसारखी वेगळी चेसिस आहे, हूक तिला बोल्ट करता येतो, इकोला तशी चेसिस नाही. मारुतीच्या बऱ्याच मॅन्युअलमधे तर ट्रेलर ओढायची शिफारस करत नाही असं साफ लिहिलेलं असतं, ते वाचा आणि विमावाल्याला पण ट्रॉलीबद्दल आधीच विचारून घ्या, ॲक्सिडेंट झाल्यावर नाही. कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन मानतात त्यामुळे आरटीओत त्याचं रजिस्ट्रेशन हा वेगळा विषय, तो ट्रॉली बनवायच्या आधीच विचारायचा असतो, आम्ही नंतर विचारला आणि चकरा मारल्या.

अनुभव सांगतो. मी एकदा माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकला हूक लावून हीच ट्रॉली महेश्वरला नेली होती. जाताना मजेत. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आणि महेश्वर नर्मदेकाठी दीडशेच्या आसपास, म्हणजे येताना जवळपास चारशे मीटरचा चढ, तो पण बराचसा घाटात एकदमच. अर्ध्यात क्लच जळाल्याचा वास, भाचा खाली उतरून चाकामागे दगड लावतोय, मागून ट्रक हॉर्न देतायत. क्लच प्लेट गेलीच. पण खरं सांगू, मला जास्त भीती जाताना वाटायला हवी होती, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, उतारावर ती मागून ढकलत असते आणि सगळा भार गाडीच्या ब्रेकवर. खालच्या गिअरमधे हळू उतरायचं एवढंच आपल्या हातात. डिझेल असो की सीएनजी, हे दोन्हीला लागू.

ओढण्यात बोलेरो जिंकली, त्यात वादच नाही. पण वर्षातून किती वेळा ओढणार?

भाच्याच्या वहीतून रोजचं रनिंग काढलं, मंडी आणि टिफिन धरून ४० किलोमीटर, ३०० दिवस, म्हणजे वर्षाला १२,००० किलोमीटर. भाव मी हिशोबापुरते धरले सीएनजी ९५ रुपये किलो, डिझेल ९२ रुपये लिटर, तुम्ही त्या दिवशीचे पंपावरचे घाला. ॲव्हरेज पण कंपनीचं नाही धरलं, इको कागदावर २६ च्या वर दाखवते पण सिग्नल, एसी आणि सामान धरून मी २० धरलं, बोलेरो शहरात १२. इको झाली ५७,००० रुपये, बोलेरो ९२,०००. फरक ३५,०००.

आता ट्रॉलीची फेरी. येऊन जाऊन १०० किलोमीटर धरा, उज्जैनला जाऊन आलं तर साधारण तेवढंच होतं. ट्रॉली लावली की बोलेरो ९ च्या आसपास देईल असं धरलं, म्हणजे फेरीला साधारण १,०२० रुपयांचं डिझेल. इको घेतली तर ट्रॉली ओढायला पिकअप भाड्याने, आम्ही अडीच हजार धरले, आणि पिकअपमधे सगळी पोरं मावत नाहीत त्यामुळे इको पण सोबत जाणार, तिचा पावणेपाचशेचा गॅस. म्हणजे इकोवाल्याला एक फेरी जवळपास १९५० रुपयांनी महाग. ३५,००० ला त्याने भागा, १८ येतं.

वर्षाला १८ पेक्षा जास्त फेऱ्या असतील तर भाऊजी बरोबर, कमी असतील तर ताई बरोबर. पोरं पिकअपमधेच बसून जाणार असतील तर हाच आकडा २४ च्या आसपास जातो. आणि यात मी गाडीची किंमत धरलीच नाहीये, नवी घेतली तर बोलेरो दोनेक लाखांनी तरी महाग जाते, त्याचा हप्ता लावला तर पारडं अजून ताईकडे झुकतं. अजून एक, एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या डिझेल गाड्यांना धुराची जाळी असते ना, डीपीएफ, ती साफ व्हायला गाडी मधून मधून हायवेला पळवावी लागते, नुसती राजवाडा ते सुदामा नगर अशी फिरवली की जाळी चोक होऊन लाईट लागतो. रोज टिफिनला बोलेरो म्हणजे तो एक वैताग.

भाच्याने मधेच तिसरा पर्याय काढला, ट्रॉलीच नको, मारुतीचा छोटा पिकअप सुपर कॅरी सीएनजी घेऊन मागेच काउंटर बसवू. कल्पना चांगली आहे, हूकची भानगडच नाही. साध्या कार लायसन्सवर चालते, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मधे साडेसात टनांपर्यंत ते पुन्हा स्पष्ट केलंय, आणि तीन टनांच्या आतल्या मालगाडीला परमिट पण लागत नाही. पण सीएनजी सुपर कॅरीची क्षमता ६२५ किलो, आमचं सामान ट्रॉलीचा सांगाडा सोडूनही तीनशेच्या वर, वर काउंटरचं लोखंड, वर माणसं. सीटा दोनच. टिफिनला पावसात ताडपत्री. ज्याचा धंदा फक्त स्टॉलचा आहे त्याने हीच घ्यावी, टिफिनवाल्याने नको.

इलेक्ट्रिकचं मी बघितलं नाही असं नाही, शहरात मस्त, पण रात्री अकराला मिसळ संपवून उज्जैनहून परत येताना चार्जर शोधत बसायला भाचा तयार नाही, आणि मीही नाही.

वहीत गेल्या वर्षीच्या फेऱ्या मोजल्या तर ११ निघाल्या, भाऊजींना वाटत होतं तीस तरी असतील. इको बुक केलीय, हूक न लावता. सिंहस्थात पिकअपचं भाडं अडीच हजारावर राहणार नाही हे भाऊजींचं म्हणणं मात्र मला पटतं, त्या महिन्यांसाठी पिकअपवाल्याशी आत्ताच बोलून ठेवायला सांगितलंय.