मराठीच्या तासाला ऑडॅसिटी

मी मिरजेत मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. संगणक हा माझा विषय नाही. तरीही ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरबद्दल लिहायला बसले आहे, कारण मुलांना लिहायला शिकवताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याचा. आवाज रेकॉर्ड करायचे, कापायचे, जोडायचे, लहान-मोठे करायचे, एकावर एक ठेवायचे, एवढंच हे सॉफ्टवेअर करतं. त्याबद्दल गाणारे लिहितात, पॉडकास्टवाले लिहितात. भाषेच्या शिक्षकाला ते कशाला हवं, हे मला सांगायचं आहे.

आधी थोडी ओळख. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये यावर काम सुरू केलं आणि २००० मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. तेव्हापासून ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. एकदा इन्स्टॉल केलं की इंटरनेट लागत नाही. खातं उघडावं लागत नाही, म्हणजे मुलांचे ईमेल, मोबाइल नंबर कुठे भरायचा प्रश्नच येत नाही. आमच्या लॅबमधल्या जुन्या संगणकांवरही ते चालतं. सरकारी किंवा अनुदानित शाळेत काम करणाऱ्यांना यातलं प्रत्येक वाक्य किती मोलाचं आहे ते सांगायला नको.

दहावीच्या कुमारभारतीत उपयोजित लेखन आहे: पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा. मुलं ते गाइडमधून पाठ करतात. जाहिरात म्हटली की 'त्वरा करा', बातमी म्हटली की 'आमच्या वार्ताहराकडून'. आपण लिहिलेलं कुणीतरी खरंच वाचणार आहे, हे त्यांच्या मनात येतच नाही. नववीला बोर्डाचं दडपण नसतं, म्हणून मी तिथे एक प्रकल्प ठेवते. चार-पाच जणांच्या गटाने गावातलं एक काम निवडायचं. तिथे जाऊन, विचारून, परवानगी घेऊन आवाज गोळा करायचे. त्यांचा चार मिनिटांचा ध्वनिलेख करायचा आणि त्यासोबत एका पानाची संहिता आणि एकच फोटो द्यायचा, फोटोखालच्या ओळीसकट. अट अशी की जे आवाजातून कळतं ते शब्दांत सांगायचं नाही, आणि जे फोटोत दिसतं ते दोन्हीत नको. कुठलं काम कुणी करायचं, शब्दाने, आवाजाने की चित्राने, हे मुलांनी ठरवायचं. माझ्या दृष्टीने खरा धडा तोच.

एका गटाने सतारमेकर गल्ली निवडली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात बरंच छापून आलं होतं. पण गटातली बहुतेक मुलं त्या गल्लीतून रोज सायकलने जाणारी आणि आत दुकानात कधी पाऊल न टाकलेली. मंगळवेढा-पंढरपूरकडून येणारे वाळवलेले भोपळे, लाकडाचा भुसा, भिंतीला टेकवलेले अर्धवट तानपुरे, हे त्यांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं. फोनवर रेकॉर्डिंग केलं. त्यातला सगळ्यात चांगला तुकडा एका चाचांचा होता. ते तानपुऱ्याची जवारी काढत होते. तारा ज्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा माथा कानशीने अगदी किंचित घासत घासत असा करायचा, की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते.

मुलांनी आधी वहीत संहिता लिहून आणली होती. 'कारागीर कानशीने घोडी हळूहळू घासतात. मग तार छेडून पाहतात. स्वर योग्य न वाटल्यास पुन्हा घासतात.' शुद्धलेखन बिनचूक. लॅबमध्ये त्यांनी एका ट्रॅकवर, म्हणजे आवाजाच्या एका थरावर, हे वाचून भरलं, त्याच्या खालच्या ट्रॅकवर दुकानातला आवाज ठेवला आणि स्पेसबार दाबला. पुरतं ऐकून व्हायच्या आत गटातली एक मुलगी म्हणाली, "बाई, हे दोनदा होतंय."

तिला ते वहीत दिसलं नव्हतं. वहीत ते दोनदा नव्हतंच. ती तिन्ही वाक्यं त्यांनीच काढून टाकली. उरलं ते असं: कानशीचे चार-पाच घासे, तार, थोडी शांतता, चाचांचं पुटपुटणं, "अजून नाही." परत कानस, परत तार, परत "अजून नाही." त्यानंतर एकदा तार वाजते ती भरून वाजते, आणि चाचा काहीच बोलत नाहीत. निवेदनाचं एकच वाक्य सुरुवातीला राहिलं, घोडी म्हणजे काय हे सांगणारं, कारण ते आवाजातून कळणं शक्यच नव्हतं.

पुढे आणखी एक गोष्ट घडली आणि ती या सॉफ्टवेअरच्या रचनेमुळे घडली. ऑडॅसिटीत आवाज लाटेच्या रूपात दिसतो. बोलणं असेल तिथे उंच शिखरं, शांतता असेल तिथे सपाट रेघ. तार छेडल्यानंतर चाचा ऐकत थांबायचे, ती जागा पडद्यावर सपाट होती. एका मुलाने माउसने ती निवडली आणि तो ती उडवायला निघाला. "इथे काहीच नाहीये." दुसरा म्हणाला, "चाचा ऐकतायत ना तिथे." वाद झाला. मी म्हटलं, दोन्ही करून बघा. ट्रॅकची प्रत काढली, एकीत शांतता ठेवली, दुसरीत काढली, आणि एका वेळी एकच ट्रॅक वाजवणारं सोलो बटण दाबून आळीपाळीने ऐकलं. शांतता काढलेल्या तुकड्यात माणूस नुसता घासतो आणि वाजवतो. शांतता ठेवलेल्यात तो विचार करतो. वर्गाने एकमताने ती ठेवली. परिच्छेद कुठे तोडायचा, वाक्य कुठे थांबवायचं, हे मी फळ्यावर कितीही वेळा सांगितलं तरी जे पोचत नाही, ते त्या मुलांना त्या सपाट रेघेवर पोचलं.

म्हणून मी या सॉफ्टवेअरचं पहिलं बलस्थान मानते ते हे: इथे मजकूर डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो, आणि बदल करून पाहायला भीती वाटत नाही. कंट्रोल-झेड दाबत मागे मागे जाता येतं. वहीत खाडाखोड करायला आमची मुलं घाबरतात, कारण खाडाखोड म्हणजे कमी गुण असं त्यांच्या मनावर वर्षानुवर्षं बिंबलं आहे. इथे तीच मुलं एका वाक्याच्या चार जागा बदलून बघतात.

दुसरं बलस्थान लेबल ट्रॅक. आवाजाचा हवा तो भाग निवडायचा, कंट्रोल-बी दाबायचं आणि त्यावर नाव लिहायचं. नाव देवनागरीत लिहिता येतं. 'भोपळा ठोकून बघणं', 'चाचांचे वडील', 'अजून नाही', 'रिक्षा, नको'. अर्ध्या तासाच्या कच्च्या रेकॉर्डिंगला अशी नावं दिली की मुद्द्यांचा आराखडा आपोआप तयार होतो. ही लेबलं वेळेसकट वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये काढता येतात. मुलं त्याची प्रिंट घेऊन बाकावर बसतात आणि पेन्सिलीने क्रम लावतात. निबंधाआधी मुद्दे काढा म्हटलं की तोंड वाकडं करणारी मुलं हे न सांगता करतात. मला वाटतं, इथे मुद्दा म्हणजे त्यांनी स्वतः जाऊन आणलेली वस्तू असते, म्हणून.

आता सांभाळून वापरायच्या गोष्टी. नॉइज रिडक्शन हा सगळ्यांना आवडणारा इफेक्ट आहे. आधी नुसत्या खरखरीचा एखादा सेकंद निवडून नॉइज प्रोफाइल घ्यायचं, मग हवा तो भाग निवडून इफेक्ट लावायचा. पंख्याचा घरघराट जातो, हे खरं. पण आकडा वाढवला की बोलणारा माणूस पाण्याखालून बोलतो आहे असं वाटायला लागतं. जवारीसारखा बारीक गुंजारव तर त्यात हमखास मार खातो. मी मुलांना सहा ते बारा डेसिबलच्या पुढे जाऊ देत नाही, आणि वाद्याच्या तुकड्याला हा इफेक्ट लावूच देत नाही. त्यापेक्षा रेकॉर्डिंग करतानाच पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा.

निवेदनाखाली मागचा आवाज हळू करायला एन्व्हलप टूल शिकवा. ऑटो डक नावाचा इफेक्ट हेच काम आपोआप करतो, निवेदनाचा ट्रॅक लगेच खाली ठेवला की झालं. पण मी तो शेवटी शिकवते. मागचा आवाज कुठल्या शब्दाला मागे घ्यायचा आणि कुठल्या शब्दाला पुढे येऊ द्यायचा, हा निर्णय मुलांनी हाताने घ्यावा असं मला वाटतं.

त्रासाच्या जागाही आहेत आणि नव्याने वापरणाऱ्याने त्या आधीच माहीत करून घ्याव्यात. सेव्ह आणि एक्सपोर्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. सेव्ह केल्यावर मिळते ती प्रोजेक्टची फाइल, ती फक्त ऑडॅसिटीतच उघडते. ऐकायला पाठवायची तर एक्सपोर्ट करूनच एमपी३ काढावी लागते. २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून प्रोजेक्टची एकच फाइल बनते. त्याआधी फाइल वेगळी आणि डेटाचं फोल्डर वेगळं असायचं, आणि मुलं पेनड्राइव्हवर एकच घेऊन जायची. तेव्हा लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला. प्रोजेक्टची फाइल जड असते. मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या, रेकॉर्डिंगलाही मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात, त्यामुळे हार्ड डिस्कवरची जागा आधी बघून घ्या. बऱ्याच फोनचं रेकॉर्डिंग एम४ए प्रकारात असतं आणि विंडोजवर ते उघडायला एफएफएमपेग हे वेगळं जोडसॉफ्टवेअर टाकावं लागतं. हे काम मुलं येण्याआधी करून ठेवा, नाहीतर पहिला तास त्यातच जाईल.

मोबाइलवर ऑडॅसिटी नाही. ज्या शाळेत एकही चालू संगणक नाही, तिला याचा उपयोग नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अशाच शाळांतल्या मुलांकडे सांगण्यासारखं खूप असतं. एक-दोन संगणक असले तरी भागतं. रेकॉर्डिंग फोनवर करायचं आणि संपादनाला गटांनी पाळीपाळीने बसायचं.

खाजगीपणाबद्दल पालक विचारतात, तर तेही सांगते. २०२१ मध्ये हे सॉफ्टवेअर म्यूझ ग्रुपकडे गेलं आणि त्याच वर्षी त्यांच्या गोपनीयता धोरणावरून जगभर आरडाओरडा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांनी वापरू नये असं वाक्य त्यात होतं. कंपनीने नंतर मजकूर बदलला. मी अपडेट तपासण्याची सोय प्रेफरन्सेसमधून बंद करते. नव्या आवृत्तीत सेव्ह करताना क्लाउडचा पर्याय पुढे येतो, तिथे आपला संगणक निवडायचा.

मिरजेसारख्या गावात आणखी एक फायदा आहे. माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत, उर्दू बोलणारी आहेत, आणि मराठी बोलणाऱ्यांची मराठीही पुस्तकातली नाही. वहीत ती सगळी एकाच चालीचं लिहितात, कारण चूक नको. ध्वनिलेखात मी त्यांना घरच्या बोलीत निवेदन करू देते, आणि सोबतची संहिता प्रमाण मराठीत मागते. मग 'काय करालाईस' कुठे ठेवायचं आणि 'काय करतो आहेस' कुठे, हे ती स्वतः ठरवतात, आणि का ते सांगू शकतात. वर्गात कधी हात वर न करणारी एक मुलगी संपादनाला बसली आणि गटाची प्रमुखच झाली. ती बोलत फार नाही, ऐकते फार बारीक.

याचा लेखनावर परिणाम होतो का, हे सहकारी विचारतात. सगळ्यांच्या नाही. काहींचे निबंध प्रकल्पानंतरही होते तसेच राहिले. पण सतारमेकर गल्लीच्या गटातल्या एका मुलाने नंतर पावसावरचा निबंध लिहिला. 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे' हे वाक्य त्यात नव्हतं. सुरुवात अशी होती: 'स्टँडच्या पत्र्याखाली आम्ही बोलणं थांबवलं. ऐकूच येत नव्हतं.' पाऊस हा शब्द तिसऱ्या ओळीपर्यंत आला नव्हता. मी तो निबंध तिन्ही तुकड्यांत वाचून दाखवला.

करून बघणार असाल तर गुण कसे द्यायचे ते आधी ठरवा. मी वीसपैकी सहा संहितेला देते, सहा आवाजांच्या निवडीला आणि क्रमाला, तीन फोटोला आणि त्याखालच्या ओळीला. उरलेले पाच एका लेखी टिपणाला: काय काढून टाकलं आणि का. या टिपणाचे गुण कमी करू नका, मुलांचं खरं विचार करणं तिथेच वाचायला मिळतं. इफेक्ट किती वापरले याला गुण देऊ नका. हेडफोन असतील तर उत्तम, नसतील तर दोन जोड्या आणून जॅकचा स्प्लिटर लावा. पूर्ण गट एकाच वेळी ऐकू शकला तर वाद चांगले होतात. आणि शेवटची एमपी३ मोनोमध्ये १२८ केबीपीएसला काढा, म्हणजे चार मिनिटांचा लेख चार एमबीच्या आत बसतो आणि पालकांच्या व्हॉट्सॲपवर सहज जातो.