विंडोज ७ वर नवीन फोटोशॉप चालवून देतो म्हणून १२२ डॉलर घेतले आणि दिलं २०१२ चं

सरळ सांगते. जुन्या विंडोजवर नवीन फोटोशॉप कुणीही चालवून देऊ शकत नाही, आणि जो देतो म्हणतो तो चोर आहे. माझे १२२ डॉलर गेले. आधी ५९ 'लेगसी एडिशन' म्हणून, मग ३५ 'सर्टिफिकेट फिक्स' म्हणून, मग २८ 'जीपीयू अनलॉक' म्हणून. तिन्ही पावत्या आहेत माझ्याकडे.

आता लगेच कुणीतरी विचारणार की अजून विंडोज ७ कशाला वापरता. कारण माझ्या कटिंग प्लॉटरचा, म्हणजे डिझाइन कापणाऱ्या यंत्राचा, ड्रायव्हर (ते यंत्र कॉम्प्युटरवरून चालवणारं सॉफ्टवेअर) ३२ बिट, म्हणजे ६४ बिटच्या आधीच्या जुन्या प्रकारच्या, विंडोज ७ च्या पुढे निघालाच नाही, आणि धडधाकट प्लॉटर नुसत्या ड्रायव्हरपायी भंगारात काढायला माझ्याकडे पैसे पडलेले नाहीत. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला सपोर्ट बंद केला हे मला माहितीये, जो भेटतो तो मला हीच तारीख ऐकवतो. पण काम तर करायचंय ना, आणि क्लायंटकडून येणाऱ्या फाईली सगळ्या नवीन फोटोशॉपच्या. रीतसर जुनं व्हर्जन घ्यावं तर फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने २०१९ मध्येच डाउनलोडला फक्त शेवटची दोन मोठी व्हर्जन्स ठेवायची असं ठरवलं, म्हणजे सबस्क्रिप्शन भरूनही माझ्या मशीनवर चालणारं मिळायचं नाही. नेमकी हीच अडचण हेरून हे लोक दुकान मांडून बसलेत.

माझा कॉम्प्युटर ३२ बिट आहे हे मी पैसे भरायच्या आधी स्पष्ट लिहून विचारलं होतं. उत्तर आलं, चालेल, आमचं २०२३ चं व्हर्जन ३२ आणि ६४ बिट दोन्हीवर चालतं. फोटोशॉपने ३२ बिट ऑक्टोबर २०१८ मध्येच सोडलंय, त्यानंतरचं एकही व्हर्जन ३२ बिटवर येतच नाही. हे विकणाऱ्याला पक्कं माहिती असणार आणि तरी त्याने 'चालेल' लिहिलं. पहिल्या उत्तरापासून खोटं.

इन्स्टॉल झाल्यावर सुरू होताना २०२३ चं चित्र आलं, आत गडद करडा इंटरफेस. तो इंटरफेस सीएस६ या जुन्या फोटोशॉपपासूनचाच आहे, त्यामुळे नुसतं बघून फरक कळत नाही, जुन्या वहीला नवं कव्हर घातल्यासारखं. मग क्लायंटची २०२१ ची पीएसडी (फोटोशॉपची फाईल) उघडली आणि मेसेज आला की फाईलमध्ये अनोळखी डेटा आहे, लेयर एडिट करायचे असतील तर तो टाकून द्यावा लागेल. इथे. इथेच सगळं उघडं पडत होतं. हा मेसेज फाईल नवी आणि फोटोशॉप जुनं असलं की येतो, २०२३ च्या फोटोशॉपला २०२१ ची फाईल अनोळखी कशी असेल? सिलेक्ट मेनूत 'सब्जेक्ट' (फोटोतला मुख्य विषय आपोआप निवडणारं) पण नव्हतं, ते २०१८ पासून आहे. मी हेल्पमध्ये जाऊन सिस्टम इन्फो उघडलं तर वरच लिहिलेलं, व्हर्जन १३.०. तेरा म्हणजे सीएस६, सन २०१२. २०२३ चं असतं तर २४ पाहिजे.

स्क्रीनशॉट पाठवला तर उत्तर तयारच होतं. म्हणे तुमच्याकडे कंपॅटिबिलिटी मोड (दुसऱ्या विंडोजसाठीचे प्रोग्राम चालवायची विंडोजमधली सोय) चालू आहे म्हणून नंबर जुना दिसतो, सर्टिफिकेट फिक्स केलं की बरोबर दिसेल. यातलं अर्धं खरं आहे म्हणून तर ते पटतं. कंपॅटिबिलिटी मोड खरंच खोटा नंबर सांगतो, पण तो प्रोग्रामला विंडोजचा नंबर खोटा सांगतो, प्रोग्रामचा स्वतःचा नंबर त्याने बदलत नाही. आणि नवीन विंडोजमध्ये आलेली फंक्शन्स त्या मोडने जुन्यात येत नाहीत. खरोखर नवीन सॉफ्टवेअर असतं तर ती फंक्शन्स न सापडून 'एन्ट्री पॉइंट नॉट फाउंड' अशी एरर देऊन तिथेच थांबलं असतं. उघडलं हाच पुरावा होता की माल जुना आहे, पण हे धडपणे कुणी कुठे लिहीत नाही, आणि समोरचा माणूस इतक्या खात्रीने बोलत असताना कामाची डेडलाईन डोक्यावर असलेलं कुणीही त्याचंच ऐकेल.

३५ डॉलरचं ते 'सर्टिफिकेट फिक्स' म्हणजे काय निघालं? नंतर इन्स्टॉल्ड अपडेट्सची यादी बघितली तर केबी४४७४४१९, मायक्रोसॉफ्टचं एसएचए-२ चं (जुन्या विंडोजला नवीन डिजिटल सह्या ओळखायला लावणारं) अपडेट, त्यांच्या अपडेट कॅटलॉगवर फुकट. आणि २८ डॉलरचं 'जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) अनलॉक' म्हणजे प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखाली 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर' वर केलेली टिक. रिमोटवरून, म्हणजे लांबून माझा कॉम्प्युटर हातात घेऊन, एक टिक केली आणि २८ डॉलर. ते रिमोट कुणालाही देऊ नका, आणि अँटीव्हायरस बंद करा म्हणाले की तिथेच कॉल कापा.

आता तक्रारीचं ऐका. कार्डवाली बँक म्हणते वस्तू डिजिटल होती, डाउनलोड झाली, म्हणजे सेवा मिळाली. कुठली सेवा? मी २०२३ चं मागितलं आणि २०१२ चं आलं, व्हर्जन नंबरसकट पुरावा दिलाय. त्यावर उत्तर, 'तांत्रिक वाद विक्रेत्याशी मिटवा.' विक्रेत्याने मला ब्लॉक केलंय हे त्यांना त्याच अर्जात लिहून दिलं होतं, कुणी वाचलंच नाही. सायबर तक्रारीला गेले तर फॉर्ममध्ये बनावट सॉफ्टवेअर विकल्याचा पर्यायच नाही, 'इतर' निवडा म्हणे, आणि ज्याच्यापुढे मांडायला बसले त्याने पहिला प्रश्न केला की सॉफ्टवेअर उघडतंय ना, मग फसवणूक कसली. दुसरा प्रश्न, इतकं जुनं विंडोज वापरताच का. पैसे नेले त्याला सोडून जाब मला! वर सांगितलं की क्रॅक केलेली कॉपी तुमच्या मशीनवर सापडली तर तुम्हीच अडचणीत याल. मी लायसन्सचे पैसे मोजलेत, पावतीवर लायसन्स लिहिलंय, तरी बोट माझ्याकडेच. रक्कम लहान आहे म्हणून फाईल पुढे सरकत नाही, आणि अशा लहान रकमांवरच यांचा सगळा धंदा चालतो हे कुणाला दिसत नाही का?

पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याकडून सिस्टम इन्फोचा स्क्रीनशॉट मागा, सुरू होतानाच्या चित्राचा नको. सेटअप फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर आहे का आणि कुणाची आहे ते बघा. विंडोज ७ वरून कार्ड वापरूच नका, क्रोम ब्राउझरचं १०९ हे तिथलं शेवटचं व्हर्जन, २०२३ पासून त्याला सुरक्षा अपडेट नाहीत, तो उघडा पडलाय. रिमोट दिला असेल तर पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. आणि खरंच विंडोज ७ वर अडकला असाल तर फोटो एडिट करायचं गिंप २.१० फुकट आहे आणि चालतं, गिंप ३ च्या मागे लागू नका, त्याला विंडोज १० लागतं. थ्रीडीचं ब्लेंडर लागत असेल तर २.९२ पर्यंतच, २.९३ ला विंडोज ८.१ पाहिजे.

ज्यांच्याकडून ५९, ३५ किंवा २८ डॉलर अशाच नावांनी गेलेत त्यांनी सीएस६ लगेच काढून टाकू नका, आधी सिस्टम इन्फो कॉपी करून ठेवा, चॅट सेव्ह करा, पावत्या ठेवा आणि तक्रार नोंदवा, बँक नाही म्हणाली तरी ते लेखी मागून घ्या. माझी तक्रार अजून उघडी आहे आणि मी ती मागे घेणार नाहीये.