फुकटची पीडीएफ की विकतचं ई-बुक?

हवं ते पुस्तक कुणीतरी ग्रुपवर टाकलंय आणि तेच दुकानात ई-बुक म्हणून विकतही मिळतंय. घ्यायचं कुठून, आणि मित्राने मागितलं तर द्यायचं का?

छापील पुस्तक आपण बिनदिक्कत वाचायला देतो, मग फाइल का नको, हा प्रश्न रास्त आहे. पण पुस्तक दिलं की आपल्या कपाटातली जागा रिकामी होते. फाइल मात्र आपल्याकडेही राहते आणि ग्रुपवरच्या प्रत्येकाकडे जाते. लेखक हयात असेल, पुस्तक बाजारात असेल, तर हे उसनं देणं राहत नाही. त्याची रॉयल्टी आपण परस्पर बुडवतो. शिवाय अशा बऱ्याच पीडीएफ घाईत स्कॅन केलेल्या असतात: ओळी तिरक्या, समासात कुणाचा तरी अंगठा, ऐन मोक्याचं पान गायब.

विकतचं ई-बुक याबाबतीत सरस, पण त्याचीही दुसरी बाजू आहे आणि ती मला खटकते. पैसे पुस्तकाचे मोजायचे, हाती मात्र बहुतेकदा वाचण्याचा परवानाच. अ‍ॅमेझॉनने 2009 मध्ये विकलेली काही पुस्तकं हक्कांच्या (कॉपीराइटच्या) वादामुळे ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून परस्पर काढून टाकली. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा ग्राहकांनी घेतलेली पुस्तकंही गेली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेलं पुस्तक ग्राहकाला न विचारता हातातून गेलंच. म्हणून कुलूप नसलेली, म्हणजे दुकानाला परत काढून घेता न येणारी फाइल विकणारं दुकान असेल, तर आधी तिथेच जावं.

खिसा परवानगी देत नसेल तर ग्रंथालयाचं ई-बुक घ्या. रांगेत थांबावं लागतं, पण ग्रंथालयाने त्याचे पैसे मोजलेले असतात.

आवृत्ती संपलेल्या पुस्तकाचं काय? कायद्याने हक्क तेव्हाही संपत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर बहुतेक देशांत किमान 50 वर्षं, काही ठिकाणी 60 किंवा 70 वर्षं तो टिकतो. तरीही कुठेच न मिळणाऱ्या पुस्तकाची एक प्रत अभ्यासापुरती एखाद्याला देणं मला अनैतिक वाटत नाही. तेच पुस्तक सगळ्यांसाठी खुलं करायचं असेल, तर लेखकाला किंवा वारसांना विचारा. कधीकधी ते आनंदाने हो म्हणतात.

हक्काची मुदत संपलेली पुस्तकं मात्र खुशाल वाटा. प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा मोफत ई-पुस्तकांचा प्रकल्प 1971 पासून हेच करतोय. फक्त जुन्या पुस्तकाचा नवा अनुवाद किंवा नवी प्रस्तावना यांचा हक्क वेगळा असतो, तेवढं तपासा.

आणि मित्र दृष्टिहीन असेल तर हिशोबच बदलतो. 2013 च्या माराकेश करारामुळे, तो मान्य केलेल्या देशांत, ब्रेल किंवा ध्वनिरूप प्रत करायला प्रकाशकाची परवानगी सहसा लागत नाही. अशी प्रत त्याला जरूर मिळवून द्या.