साडेपाच हजारांचा पसरट गणपती

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मी घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांची बिलबुकं. माझा सतरा इंची चौकोनी मॉनिटर बारा-तेरा वर्षं चालला आणि ऐन लग्नसराईत एका सकाळी काळा पडला. त्याच दिवशी राजारामपुरीतनं बावीस इंची नवा आणला. दुकानाबद्दल तक्रार नाही. गंडवलं ते दुसऱ्या दिवशी जोडायला आलेल्या माणसानं.

त्यानंच खोका उघडला आणि जुनीच निळ्या टोकाची व्हीजीए वायर लावली. पडदा उजळला तर पत्रिकेवरचा गणपती असा पसरलेला, की मलाच हसू आलं. अक्षरं धुक्यातनं बघितल्यासारखी. "वहिनी, मशीन जुनं हाय. नवा मॉनिटर ह्याला झेपत न्हाई. ग्राफिक कार्ड टाकावं लागंल, चित्रासाठी वेगळा भाग असतोय त्यो." वर सेटिंग उघडून दाखवलंही, पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके दिसणार त्या यादीत 1280 बाय 1024 च्या पुढं आकडाच नव्हता. डोळ्यांनी बघितल्यावर शंका कुठली घेणार? त्यात चार वाजता गिऱ्हाईक प्रूफ बघायला येणार होतं.

कार्डाचे 4,200. एचडीएमआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या वायरचे 450. शेवटी मॉनिटरच्या कडेची बटणं दोन मिनिटं दाबली, त्या 'कलर कॅलिब्रेशन'चे, म्हणजे रंग जुळवण्याचे, 800. एकूण 5,450, सगळे रोख. बिल "उद्या देतो". चित्र सुधारलं होतं, म्हणून मी त्याला चहाही पाजला.

पत्रिका छापून आल्या तेव्हा पहिली ठिणगी पडली. पडद्यावरचा कुंकवाचा लाल कागदावर काळपट आला होता. डिप्लोमाला असलेल्या भाच्याला बोलावलं. ब्राइटनेस 100, मोड 'व्हिविड', म्हणजे भडक रंगांचा. आठशे रुपयांचं कॅलिब्रेशन ते एवढंच! मग तो कॅबिनेटच्या मागं वाकला. "मावशी, मदरबोर्डलाच एचडीएमआयचं भोक आहे की. कार्ड कशाला घेतलंस?" मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुख्य बोर्ड.

कार्ड बाहेर काढलं तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा काळा थर. दहा दिवसांत एवढी धूळ उद्यमनगरात फौंड्रीच्या दारातसुद्धा बसत नसेल. वायर थेट मदरबोर्डला लावली. 1920 बाय 1080, पुढं 'रेकमेंडेड', आणि गणपती जिथल्या तिथं.

मग त्यानं मुद्दाम जुनी व्हीजीए लावून दाखवली. तिच्या टोकाच्या पिना वाकलेल्या होत्या. मॉनिटर आपलं माप वायरीतनंच कॉम्प्युटरला कळवतो. तो निरोप पोचला नाही तर कॉम्प्युटर अंदाजानं मोजकेच आकडे पुढं करतो, आणि जुन्या चौकोनी मापाचं चित्र रुंद पडद्यावर ताणलं जातं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक वर्तुळ काढून मी पडद्यावर पट्टी धरली. उंची 7 सेंटीमीटर, रुंदी जवळजवळ 10.

खरा राग आला तो माळ्यावरचा खोका काढल्यावर. आत काय काय आहे त्याची चित्रं बाजूला छापली होती आणि त्यात एचडीएमआय वायर होती. म्हणजे 450 देऊन मी माझीच वायर विकत घेतली होती.

फोन केला तर म्हणाला, "तुम्हीच टाका म्हणालात की वहिनी." नंतर नंबर लागेनासा झाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर फिरवायला घेतला, पण दाखवायला बिलाचं चिटोरंसुद्धा नव्हतं.

तेव्हा खोका स्वतः उघडा, आतली वायर हातात घ्या आणि कॅबिनेटच्या मागं तसंच भोक आहे का ते बघा. कार्ड आधीच बसवलेलं असेल तर वायर त्याच्याच भोकात लावायची. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 'रेकमेंडेड' लिहिलेला आकडा निवडा. अक्षरं बारीक वाटली तर तो आकडा कमी करू नका, त्यानंच सगळं पुसट होतं. त्याऐवजी वरचं स्केल 125 टक्के करा. छपाईचं काम असेल तर आधी छापलेला एखादा कागद शेजारी धरून ब्राइटनेस उतरवा. माझा आता चाळिसाच्या आसपास आहे.

कार्ड ड्रॉवरमध्ये पडून आहे. ती व्हीजीए वायर मी 'असू दे, लागेल कधी' म्हणून गुंडाळत होते. भाच्यानं हातातनं घेतली आणि पत्रिका कापायच्या कात्रीनं तिचे दोन तुकडे केले.